वर्गणीवर चाललेली वस्ती

जून २०२३ मधली गोष्ट. ‘फॉस्टोडॉन’ नावाची इंटरनेटवरची एक छोटी वसाहत चालविणाऱ्या गृहस्थाला एक पत्र आले. पाठविणारी कंपनी होती मेटा, म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप या तिन्हींची मालकीण. पत्राचा सूर अदबीचा होता. आम्ही एक नवे काम हाती घेत आहोत, तुमच्यासारख्या अनुभवी मंडळींशी बोलावे असे वाटते, बैठकीला याल का? मात्र तिथले काही बोलणे गोपनीय ठेवावे लागेल. गृहस्थाने सरळ नकार कळविला आणि तो पत्रव्यवहार सर्वांना वाचण्यासाठी खुला करून टाकला.

जिच्या दारात जगातले अब्जावधी लोक रोज हजेरी लावतात, अशा कंपनीचे आवतण कुणी नाकारील असे आपल्याला सहसा वाटत नाही. आपल्याकडे तर मोठ्या माणसाने नुसते नावाने ओळखले तरी लोक वर्षभर सांगत फिरतात. मग हा नकार कशापायी? पैशाची मागणी नव्हती, जागा बळकावण्याची भाषा नव्हती. तरीही पुढच्या काही दिवसांत अशाच शेकडो छोट्या वसाहतींच्या चालकांनी एका जाहीर संकल्पावर सह्या केल्या. संकल्प एवढाच की, मेटा आमच्या शेजाराला राहायला आली, तर आम्ही मधले दार लावून घेऊ. या संकल्पाला ‘फेडिपॅक्ट’ असे नाव पडले.

हा सगळा प्रकार समजून घ्यायचा, तर आधी या वसाहती कोणत्या ते पाहायला हवे.

टपालखात्यासारखी व्यवस्था

आपण ई-मेल वापरतो. माझा पत्ता एका कंपनीचा असतो, तुमचा दुसरीचा, भाच्याचा त्याच्या कॉलेजचा. तरी पत्रे बिनबोभाट पोहोचतात, कारण पत्र कसे न्यायचे याचे नियम सर्वांनी मिळून ठरविलेले आहेत आणि ते कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. फेसबुक किंवा ट्विटर यांचे तसे नाही. तिथल्या माणसाशी बोलायचे तर तिथेच खाते उघडावे लागते, त्यांचेच नियम पाळावे लागतात आणि त्यांच्याच जाहिराती पाहाव्या लागतात.

ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये ‘मॅस्टोडॉन’ नावाची व्यवस्था तयार केली, ती ई-मेलच्या धर्तीवर. ट्विटरसारखे छोटे छोटे मजकूर लिहायचे, इतरांचे वाचायचे. पण हे सारे एका कंपनीच्या आवारात चालत नाही. कुणीही आपला सर्व्हर उभा करावा, आपल्या वसाहतीचे नियम आपण ठरवावेत आणि इतर वसाहतींशी बोलणे चालू ठेवावे. कुठे खगोलशास्त्राची आवड असणारे जमले, कुठे एखाद्या गावचे रहिवासी, कुठे ग्रंथपाल. या वसाहतींमधील देवाणघेवाणीच्या ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ या नियमावलीला वेबची मानके ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. खर्च भागतो तो मुख्यतः देणग्यांवर आणि चालकांच्या पदरमोडीवर. भांडणे सोडविणारे, शिवीगाळ करणाऱ्यांना बाहेर काढणारे लोक बहुतांशी बिनपगारी.

आपल्या देशात हे नाव बऱ्याच जणांनी प्रथम ऐकले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरखाते बंद करण्यात आले, त्याच्या निषेधार्थ अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर बिऱ्हाड हलविले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर विकत घेतले, तेव्हा तर लोंढाच आला. महिन्याभरात मॅस्टोडॉन वापरणाऱ्यांची संख्या काही लाखांवरून २५ लाखांच्या पुढे गेली. डिसेंबरात ट्विटरने मॅस्टोडॉनचे खाते बंद केले आणि तिकडे जाण्याचा पत्ता देणाऱ्या मजकुरावर बंदीही घातली. ही बंदी टिकली मात्र जेमतेम एक-दोन दिवस. लोंढ्यातले बरेच लोक यथावकाश परत गेले, पण अमेरिकेतल्या पैसेवाल्यांचे लक्ष वेधले गेले ते गेलेच. पाचाहून अधिक गुंतवणूकदारांनी पैसे देऊ केले आणि आपण ते सर्व नाकारले, असे रोख्को यांनी त्याच महिन्यात सांगितले.

पाहुणा आणि यजमान

मेटाने ट्विटरला टक्कर देणारी ‘थ्रेड्स’ ही सेवा जुलै २०२३ मध्ये सुरू केली आणि पाच दिवसांत दहा कोटी लोक तिथे दाखल झाले. आपणही अ‍ॅक्टिव्हिटीपबचे नियम पाळू, म्हणजे थ्रेड्सवरचा माणूस मॅस्टोडॉनवरच्या माणसाशी बोलू शकेल, असे कंपनीने सांगितले. वरकरणी पाहता हा छोट्यांचा विजयच. मोठ्याने छोट्यांची भाषा शिकायची तयारी दाखविली होती! मग भीती कशाची?

भीतीला एक जुना दाखला होता. १९९९ मध्ये जेरेमी मिलर या अमेरिकन तरुणाने ‘जॅबर’ नावाची, कुणाच्याही मालकीची नसलेली गप्पांची व्यवस्था जगापुढे आणली. गुगलने २००५ मध्ये ‘गुगल टॉक’ सुरू केले ते याच नियमावलीवर, आणि २००६ मध्ये इतर जॅबर सर्व्हरांसाठी दारही उघडले. मंडळी हरखली. पण लवकरच असे झाले की, बोलणाऱ्यांपैकी बहुतेक जण गुगलच्या अंगणात आणि उरलेले विखुरलेल्या झोपड्यांत. गुगलकडे काही बिघडले, की दुरुस्ती झोपडीवाल्यांनी करायची. २०१३ मध्ये गुगलने ‘हँगआउट्स’ आणले आणि टप्प्याटप्प्याने ते दार बंद झाले. गुगलच्या ग्राहकांना काही जाणवलेही नाही. झोपडीवाल्यांच्या यादीतले मित्र मात्र एकेक करून दिसेनासे झाले. बेल्जियममधल्या एका संगणकतज्ज्ञाने जून २०२३ मध्ये ही हकीकत पुन्हा सांगितली आणि ती वाऱ्यासारखी पसरली. (गंमत म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपची उभारणीही मुळात जॅबरच्याच नियमावलीत फेरफार करून झाली होती. सार्वजनिक विहिरीवर पंप बसवावा आणि पाइप फक्त आपल्या बंगल्यात न्यावा, तसे.)

दुसरी भीती अधिक गंभीर होती. म्यानमारमध्ये २०१७ साली रोहिंग्यांवर झालेल्या अत्याचारांच्या काळात फेसबुकवरून द्वेष पसरविला गेला, असे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने २०१८ मध्ये नमूद केले. आपण पुरेसे काही केले नाही, हे कंपनीनेही त्याच वर्षी मान्य केले. छोट्या वसाहतींमध्ये आसऱ्याला आलेले अनेक जण मोठ्या संकेतस्थळांवरच्या छळाला कंटाळूनच तिथे आलेले होते. ज्या मोहल्ल्यातून जीव मुठीत धरून निघालो, त्याचेच दार इथे उघडायचे का, हा त्यांचा प्रश्न होता.

दुसरी बाजूही तितकीच खरी होती, आणि ती मांडणाऱ्यांत खुद्द रोख्को होते. त्यांचे म्हणणे असे की, ई-मेलसारखी खुली व्यवस्था व्हावी म्हणून तर हा खटाटोप. मोठी कंपनी आपल्या नियमाने बोलायला आली, तर तिच्या कैदेतल्या माणसाला बाहेर पडण्याची वाट मिळेल. आपल्या मावशीने, शाळेतल्या मैत्रिणीने फेसबुकवाल्यांचे अंगण सोडले नाही म्हणून त्यांच्याशी बोलायचेच नाही, हे कसले स्वातंत्र्य? मार्च २०२४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि जपान येथील थ्रेड्सवाल्यांना हे मधले दार उघडून देण्यात आले. काही वसाहतींनी ते स्वीकारले, काहींनी कडी लावली. आणि कडी लावण्या-न लावण्याचा निर्णय प्रत्येक वसाहतीने आपला आपण घेतला, ही मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

स्पॅनिश लेखकांचे बंड

असा प्रतिकार याआधी झालेला आहे आणि तो फळालाही आलेला आहे. विकिपीडिया हा ज्ञानकोश आज आपण सर्व जण वापरतो. तिथे जाहिराती का नाहीत, असा प्रश्न क्वचितच कुणाला पडतो. विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला तो एका खासगी कंपनीच्या छत्राखाली, आणि त्याच्या पत्त्याच्या शेवटी व्यापारी ‘डॉट कॉम’ होते. २००२ च्या आरंभी पैशाची चणचण भासू लागली आणि जाहिराती घ्याव्या लागतील अशी चर्चा संयोजकांकडून निघाली. स्पॅनिश विकिपीडियाचे लेखक यावर बिथरले. आम्ही फुकट लिहायचे आणि त्याच्या शेजारी जाहिरात लावून पैसा दुसऱ्याने मिळवायचा, हे त्यांना पटेना. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांच्यातल्या बहुतेकांनी सगळे लेख उचलले आणि सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर ‘एन्सिक्लोपेदिया लिब्रे’ हा स्वतंत्र कोश थाटला. काही काळ तर हा कोश मूळ स्पॅनिश विकिपीडियापेक्षा मोठा होता.

हे त्यांना करता आले, कारण विकिपीडियाचा मजकूर ज्या परवान्याखाली होता, त्यानुसार तो कुणालाही उचलून नेता येत होता. धमकी पोकळ नव्हती. बोचके बांधून निघण्याचा हक्क त्यांच्या हाती होता. त्याच वर्षी विकिपीडियाचा पत्ता ‘डॉट ऑर्ग’ झाला आणि जून २००३ मध्ये नफा न कमावणारे विकिमीडिया प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच्या थोडेसेच आधी, १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला होता. मराठी शाळकरी मुलगा आज कोशात शिवनेरी किंवा ज्वारी शोधतो आणि जाहिरातींच्या गर्दीशिवाय वाचतो, त्यात कुणा स्पॅनिश लेखकांच्या त्या रुसव्याचाही वाटा आहे.

दुसरे उदाहरण बायकांच्या उद्योगाचे. आवडत्या कादंबरीतली वा मालिकेतली पात्रे घेऊन स्वतःच्या कथा लिहिणारा मोठा वर्ग पाश्चात्य देशांत आहे आणि त्यात स्त्रिया बहुसंख्य. २००७ मध्ये ‘फॅनलिब’ नावाची कंपनी गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन या कथांचा बाजार मांडायला आली. चालक मंडळी पुरुष, लिहिणाऱ्या स्त्रिया. नफा कंपनीचा, कायद्याची जोखीम लेखिकांची. यावर या लेखिकांनी ठरविले की, सर्व्हर आपल्या मालकीचे हवेत. त्याच वर्षी त्यांनी संस्था काढली, संगणकाचे काम येत नव्हते त्या ते शिकल्या, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे भांडार खुले केले. फॅनलिब त्याआधीच, २००८ मध्ये गुंडाळली गेली होती. देणगीवर, जाहिरातींविना चालणाऱ्या या भांडाराला २०१९ मध्ये विज्ञानकथा-क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

याच्या उलट २०२३ मधली ‘रेडिट’ची कथा पाहा. तिथल्या हजारो चर्चामंडळांची देखरेख बिनपगारी स्वयंसेवक करतात. कंपनीने बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडून जबर दर आकारायचे ठरविले. एका लोकप्रिय अ‍ॅपच्या निर्मात्याने आपले बिल वर्षाला दोन कोटी डॉलर होईल असा हिशेब मांडला. १२ जूनला हजारो मंडळांनी दारे बंद ठेवून हरताळ पाळला. कंपनी बधली नाही. दारे उघडा, नाही तर देखरेखीला दुसरे नेमू, असे तिने बजावले. ते अ‍ॅप महिनाअखेरीस बंद पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली की, लोकांनी लिहिलेला हा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी गुगलला देण्याचा करार झाला असून त्याचे मोल वर्षाला सुमारे सहा कोटी डॉलर आहे. लिहिणाऱ्यांना त्यातले काय मिळाले, ते सांगण्याची गरज नाही. स्पॅनिश लेखक आणि हे स्वयंसेवक यांच्या निष्ठेत डावे-उजवे काही नव्हते. फरक होता तो जागेच्या मालकीचा.

आपला कट्टा

हे सगळे दूरदेशीचे वाटेल, पण मराठी माणसाचा या गोष्टीशी जुना संबंध आहे. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. गुगल या कंपनीचा जन्म १९९८ चा, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे वय कळते. त्या काळात संगणकावर देवनागरी लिहिणे म्हणजे दिव्य होते. प्रत्येकाचा फाँट वेगळा, त्यामुळे अनेक जण रोमन लिपीतच मराठी लिहीत. पुढे ‘मनोगत’ २००४ मध्ये आले, ‘मिसळपाव’ २००७ मध्ये. कॅलिफोर्नियातला अभियंता, दुबईतला लेखापाल आणि सांगलीची गृहिणी उकडीच्या मोदकाच्या पाऱ्यांवरून इथे तासन्‌तास वाद घालीत. दिवाळी अंकही निघाले. ही सर्व मराठी माणसांनी, मराठी बोलता यावे म्हणून उभारलेली ठिकाणे.

मी स्वतः अशा कट्ट्यांवर वीसेक वर्षे वावरतो आहे, आणि दुसऱ्या प्रकारच्या जागेचा अनुभवही माझ्या गाठीशी आहे. आम्ही काही डोंगरवेडी मंडळी एका बड्या कंपनीच्या मोफत सेवेवर आमचा गट चालवीत असू. सह्याद्रीतल्या वाटांची माहिती तिथे साठत गेली. कोणत्या किल्ल्यावरच्या टाक्यात मार्चनंतरही पिण्याजोगे पाणी असते, कोणत्या घळीत दोर किती लांबीचा लागतो, कोणत्या पाड्यावरचे मामा वाट दाखवायला येतात. आठ-नऊ वर्षांचे हे धन. एके दिवशी कंपनीने कळविले की, ही सेवा अमुक तारखेला बंद होईल. आम्ही धावपळ करून लिखाण उतरवून घेतले, पण छायाचित्रांचा मोठा भाग आणि त्यांखालच्या टिपा गेल्याच. तक्रार कुणाकडे करणार? आम्ही भाडेकरूसुद्धा नव्हतो. भाडेकरूला निदान भाड्याची पावती असते.

असे अनुभव घराघरांत आहेत. भारतात एके काळी गाजलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. कंपनीच्या दृष्टीने तो ताळेबंदातला एक तोट्याचा रकाना. तिथे जुळलेली लग्ने, लिहिलेल्या पहिल्या कविता, गेलेल्या मित्राचे शेवटचे शब्द यांना ताळेबंदात जागा नसते.

वर्गणी कोण देणार?

आता याची कडू बाजू. लोकांनी चालविलेली वसाहत म्हणजे रामराज्य नव्हे. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला जो बसला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. इथेही कंपू होतात, चालकाची मर्जी चालते, रुसवेफुगवे होऊन अर्धी मंडळी उठून दुसरीकडे चूल मांडतात. चालक दमला, आजारी पडला, की सगळा डोलारा त्याच्याबरोबर डळमळतो. मॅस्टोडॉनवरून दुसऱ्या वसाहतीत जाताना आपले वाचक बरोबर नेता येतात. जुने लिखाण मात्र मागेच राहते. ज्येष्ठांना, नव्याने शिकणाऱ्यांना ही ठिकाणे किचकट वाटतात, हेही खोटे नाही.

सर्वांत मोठी अडचण पैशाची. गल्लीतल्या गणेशोत्सवाचे काय झाले ते आपण पाहिले आहे. आधी घरोघर पावतीपुस्तक घेऊन फिरणारी मुले होती. पाच रुपये देणारा माणूसही आरास कशी झाली ते हक्काने विचारी. मग कमानीवर एक जाहिरात आली. दारोदार हिंडण्याचा त्रास वाचला म्हणून सारे खूष झाले. काही वर्षांत देखावा कोणता, मिरवणूक कोणत्या रस्त्याने, हे कमानवाल्याच्या सोयीने ठरू लागले. कुणी गणपती पळवून नेला नाही. फक्त प्रश्न विचारण्याचा आपला हक्क पावतीबरोबर गेला.

इंटरनेटवरही नेमके हेच घडते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात ते अधिक वेगाने घडते आहे. यंत्रांना शिकविण्यासाठी मजकूर ओरबाडणारे स्वयंचलित कार्यक्रम विकिपीडियाच्या सर्व्हरांवर कसा ताण आणीत आहेत, हे विकिमीडिया प्रतिष्ठानने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले. जानेवारी २०२४ पासून चित्रे-चित्रफिती उतरवून घेण्याचे प्रमाण ५० टक्क्यांनी वाढले होते. हा भार पडतो तो वाचकांच्या देणग्यांवर. जून २०२५ मध्ये प्रतिष्ठानानेच लेखांच्या माथ्यावर यंत्राने केलेले सारांश देऊन पाहायचे ठरविले, तेव्हा संपादकांनी कडाडून विरोध केला आणि प्रयोग थांबवावा लागला. संपादकांचा शब्द तिथे अजून चालतो, कारण घर अजून कमानवाल्याचे झालेले नाही.

घरातल्या प्रत्येकाने उद्या मॅस्टोडॉनवर जावे, असे मी म्हणणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप बंद करा म्हटले तर आपली निम्मी नातीगोती तुटतील, आणि नातवाचा फोटो ज्या वाटेने येतो ती वाट आजी सोडणार नाही. पण कुठल्याही कट्ट्यावर आपले लिखाण, फोटो, आठवणी ठेवण्याआधी तीन साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. याचा खर्च कोण भागवितो? नियम कोण करतो, आणि ते बदलताना आम्हाला विचारतो का? उद्या निघायचे ठरविले, तर माझे सामान मला नेता येईल का?

या प्रश्नांची बरी उत्तरे देणारी ठिकाणे आपल्या भाषेतही आहेत, आणि ती माणसांच्या तुटवड्याने हैराण आहेत. मराठी विकिपीडियावर आपल्या गावाच्या नावाचा लेख उघडून पाहा. कदाचित तो दोन ओळींचा असेल. गावच्या जत्रेची तिथी, तिथल्या भातखाचरांचे नाव, पडक्या बारवेची माहिती ज्यांना आहे, ती माणसे आपल्या घरात दुपारी रिकामी बसलेली असतात. त्यांना सांगायला बसवावे आणि मुलांनी लिहून घ्यावे. वर्गणी पैशातच द्यावी लागते असे थोडेच आहे?